हर्मिट रीझनरवर अनुमान तासभर चालते; अडचण कुठे शोधावी?

प्रश्न
पिके, रोग आणि लक्षणे यांची ओडब्ल्यूएल २ या भाषेतील ऑन्टॉलॉजी (संकल्पना आणि त्यांच्या संबंधांची औपचारिक मांडणी) आम्ही जावा, ओडब्ल्यूएल एपीआय ही लायब्ररी आणि हर्मिट हा रीझनर (मांडणीतून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) यांवर चालवतो. क्लास, म्हणजे संकल्पना, काही हजारच आहेत. मात्र शेतपाहणीच्या नोंदी त्याच फाइलमध्ये इंडिव्हिज्युअल (क्लासची प्रत्यक्ष उदाहरणे) म्हणून भरू लागल्यापासून सर्व्हर सुरू होताना तासभर थांबावे लागते. हीप मेमरी वाढवूनही फरक पडलेला नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर
मेमरी वाढवण्याआधी नोंदी बाजूला काढून नुसते क्लास आणि प्रॉपर्टी (संबंध) प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी संपादकात वर्गीकृत करून, म्हणजे कोण कोणाखाली येते हे काढून पाहा. तेवढे झटपट झाले, तर व्याख्यांचा आणि नोंदींचा संयोग महाग पडतो आहे. ‘रोग म्हणजे बुरशीजन्य, जिवाणुजन्य किंवा विषाणुजन्य’ असे ऍक्झिअम (ऑन्टॉलॉजीत गृहीत धरलेले विधान) आहे का? असल्यास, प्रकार न नोंदवलेल्या प्रत्येक रोगासाठी हर्मिटला एक पर्याय धरून पुढे जावे लागते आणि विसंगती आढळली की मागे येऊन दुसरा धरावा लागतो. अशा नोंदी वाढतील तशा शक्यता गुणाकाराने वाढू शकतात. त्या ‘किंवा’वर तुमचे एकही अनुमान अवलंबून नसेल, तर तो निःसंकोच काढा.

प्रश्नकर्ता
तसे ऍक्झिअम आहे आणि ते काढल्यावर बराच वेळ वाचला. नोंदी मात्र रोज वाढणार आहेत.

दुसरे उत्तर
मग दोन्ही कामे वेगळी करणेच योग्य. क्लासच्या वर्गीकरणासाठी ईएल प्रोफाइल (ओडब्ल्यूएल २ चा मर्यादित, वेगवान उपसंच) आणि त्यासाठीचा एल्क रीझनर पाहा. तीन लाखांहून अधिक संकल्पनांची स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञावली तो साध्या संगणकावर काही सेकंदांत वर्गीकृत करतो. पण एक गोष्ट जपा: ‘फक्त’ प्रकारची बंधने (संबंध केवळ अमुक क्लासशीच असावा, अशी) आणि इन्व्हर्स (उलट दिशेची) प्रॉपर्टी एल्क विचारात घेत नाही, लॉगमध्ये केवळ इशारा देतो. मिळालेली अनुमाने बरोबर असतात, काही गळालेली असू शकतात. म्हणून अपेक्षित अनुमानांची यादी करून ती तपासणारी चाचणी आधी लिहा. नोंदींसाठी आरएल प्रोफाइलचे (नियमांनी चालवता येणाऱ्या दुसऱ्या उपसंचाचे) नियम ट्रिपल स्टोअरमध्ये (कर्ता-संबंध-कर्म अशी विधाने साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये) चालवून निष्कर्ष साठवून ठेवावेत, म्हणजे प्रत्येक क्वेरीला रीझनर उठवावा लागत नाही.

प्रश्नकर्ता
‘रोगाचे लक्षण’ या प्रॉपर्टीची इन्व्हर्स आम्ही लक्षणावरून रोग शोधण्यासाठीच ठेवली आहे. ती काढता येईल का?

दुसरे उत्तर
व्याख्यांमध्ये ती कुठेही वापरलेली नसेल, तर अवश्य काढा. स्पार्कल या क्वेरी भाषेच्या प्रॉपर्टी पाथमध्ये (संबंधांचा मार्ग लिहिण्याच्या पद्धतीत) मूळ प्रॉपर्टीच्या आधी ^ हे चिन्ह लावले की तोच दुवा उलट दिशेने वाचता येतो.