टीपीएमचा जोर ओसरला, मशीनकडे लक्ष टिकवायचं कसं?

रबाळे_मेंटेनन्स:
नमस्कार मंडळी. आमचं युनिट रबाळे एमआयडीसीत, मी मेंटेनन्स बघतो. मागच्या वर्षी टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, म्हणजे ऑपरेटरसकट सगळ्यांनी मिळून मशीनची देखभाल) चालू केलं, टॅग (बिघाड दिसला की मशीनला लावायची चिठ्ठी), बोर्ड, रोजची साफसफाई सगळं जोरात, आणि ब्रेकडाऊन खरंच कमी झाले. आता प्लँट हेड बदलले, डिस्पॅचचं प्रेशर वाढलं, पीएमसाठी (बिघाडाआधीच करायच्या ठरलेल्या देखभालीसाठी) मशीन मागितली की प्रॉडक्शनवाले म्हणतात "आज नको, उद्या घ्या". चेकलिस्टवर तर शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच टिका मारलेल्या असतात. परत बसवायचं तर सुरुवात कुठून करू?

ग्रीसगन_पावणे:
टॅगपासून करा. ऑपरेटरने लावलेल्या टॅगचं पुढे काय होतं ते आधी बघा. आमच्याकडे कूलिंग वॉटर पंपाला कॉन्ट्रॅक्टवरच्या एका नवीन मुलाने टॅग लावला, "कपलिंगकडून आवाज" (कपलिंग म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा भाग). फिटरने पंप बंद करून कुलूप घातलं आणि त्या मुलालाच सोबत घेऊन गार्ड काढलं, तर कपलिंगमधल्या स्पायडरच्या (मधल्या रबरी तुकड्याच्या) रबराची काळी पूड बेसप्लेटवर पसरलेली, एक फाउंडेशन बोल्ट ढिला, डायल गेज लावला तर अलाइनमेंट गेलेलं, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत नव्हते. त्या मुलाने हे सगळं डोळ्यांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या शिफ्टमधले बाकीचेही सांगायला लागले. टॅग महिनाभर तसाच लटकत राहिला तर माणूस दुसरा लावत नाही हो.

वागळे_इस्टेट:
बरोबर, पण तुमचं पीएम शेड्यूल पण तपासा, बहुतेक फुगलेलं असणार. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांचा 1978 चा रिपोर्ट आहे, त्यात विमानाच्या जेमतेम 11 टक्के भागांत वय वाढेल तसा बिघाड वाढताना दिसला. आपल्या पंपांना तोच आकडा लावू नका, बेल्ट, फिल्टर झिजणारच, पण चांगली चाललेली मशीन निव्वळ तारीख आली म्हणून उघडली की नवीन दुखणं लागू शकतं. ग्रीसचंच बघा, जास्त भरलं तर बेअरिंग तापतं, आणि न जुळणारी दोन ग्रीस मिसळली तर पातळ होऊन बाहेर येतात. व्हायब्रेशन, तापमान बघून काम ठरवा, नको ती कामं काढून टाका, मग मशीन कमी वेळा मागावी लागेल आणि मागाल तेव्हा मिळेल.

शिफ्ट_बी_तळोजा:
मी प्रॉडक्शनचा माणूस, आमची बाजू पण ऐका. आम्हाला विचारतात फक्त टनेज, मग मशीन कोण सोडणार? आमच्याकडे पीएमचा वेळ प्रॉडक्शन प्लॅनमध्येच धरला, आणि पुढे ढकलायचा तर प्रॉडक्शन मॅनेजरने सही करून नवीन तारीख द्यायची, तेव्हापासून "उद्या घ्या" खूप कमी झालं. टीपीएम मुळात 1971 मध्ये निप्पॉनडेन्सोने नावारूपाला आणलं ते ऑपरेटरला देखभालीत घेऊनच, ते एकट्या मेंटेनन्सच्या गळ्यात घालून टिकणार नाही. अजून एक खटकतं, रात्री दोनला मोटर बदलणाऱ्याची पाठ सगळे थोपटतात, आणि ज्याचा पंप वर्षभर बंद पडला नाही त्याचं नावही मीटिंगमध्ये निघत नाही. ते नाव घ्यायला लावा साहेबांना.

रबाळे_मेंटेनन्स:
मनापासून आभार. न सुटलेले टॅग आजच हातात घेतो, सहीचं प्लँट हेडशी बोलतो. फक्त आमची कॉन्ट्रॅक्टची मुलं सारखी बदलतात, त्यांचं काय?

ग्रीसगन_पावणे:
दसऱ्याला मशीन पुसायला कोणाला सांगावं लागतं का? तेव्हा नवीन मुलाला जुन्या ऑपरेटरसोबत लावा, पुसतानाच गळती, ढिला बोल्ट, तुटकं निप्पल दाखवू दे. पुढे दर नवीन मुलाची पहिली शिफ्ट तशीच ठेवा.