गोल मोजूनच संघ निवडायचा असेल तर स्काउट कशाला पोसता?

रिंकवरचा बाप

परवा तिरकस चाल यांनी त्यांच्या धाग्यात लिहिलं, की अमेरिकेचा २० वर्षांखालचा आईस हॉकी संघ म्हणजे प्लिमथच्या (मिशिगनमधलं गाव, तिथे राष्ट्रीय संघासाठी किशोरांना घडवायचा कार्यक्रम चालतो) पोरांची भिशी आहे. सोळाव्या वर्षी ज्यांचा नंबर लागला तेच तीन वर्षांनी वर्ल्ड ज्युनिअर्सला (२० वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा) दिसतात, उन्हाळी शिबिरं हा देखावा आणि बुटक्या पोरांना कुणी विचारत नाही. उपाय काय, तर "गोल आणि असिस्ट मोजा, वरचे पंचवीस घ्या, विषय संपला." तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण दोन दिवस डोक्यातून जाईना. म्हणून हा वेगळा संसार.

माझा मुलगा मिशिगनमध्ये नऊ वर्षं खेळला. (कुठेही निवडला गेला नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा टोमणा वाचेल.) पहाटे साडेपाचचा आईस टाइम, हातात चहाचा थर्मास, आणि कधीमधी शेजारी वही घेऊन बसलेला एखादा स्काउट. मी वहीत डोकवायचो. गोलांचा हिशोब तिथे मला एकदाही दिसला नाही. पक (खेळायची रबरी चकती) यायच्या आधी पोरगा खांद्यावरून मागे बघतो का? पक हातचा गेल्यावर जीव तोडून मागे पळतो, की आभाळाकडे बघतो? दमल्यावर शिफ्ट (बर्फावरची आपली पाळी) वेळेत संपवतो का? हे असलं लिहिलेलं असायचं.

आणि गोल मोजायचे ते कुठले? ओएचएलमध्ये (कॅनडातली ज्युनिअर लीग) एकोणीस वर्षांचा पोरगा सतरा वर्षांच्यांवर गोल करतो. कॉलेजात अठराव्या वर्षी गेलेल्याच्या अंगावर तेवीस-चोवीस वर्षांचे बाप्ये येतात. तिथले १५ आणि इथले ४० एकाच तराजूत घालणार? वर्ल्ड ज्युनिअर्सला सुवर्णपदकापर्यंत अकरा दिवसांत सात सामने खेळावे लागतात. पंचवीस पॉवरप्लेवाले (समोरचा एकजण शिक्षा म्हणून बाहेर असताना गोल करणारे) नेलेत, तर आपलाच एकजण बाहेर असताना ती पेनल्टी कोण मारून काढणार, मी?

तिरकस चाल

एवढं लांब लिहिलंत, त्यात एक नाव मात्र शिताफीने गाळलंत. ॲलेक्स डीब्रिंकॅट. २०१६-१७ चा हंगाम, ओएचएलमधला ईरी संघ, ६३ सामन्यांत ६५ गोल आणि १२७ पॉइंट (गोल अधिक असिस्ट). आदल्या वर्षी वर्ल्ड ज्युनिअर्समध्ये खेळलेला. तरी २०१७ च्या संघात नाही! उंची ५ फूट ७ इंच. प्लिमथच्या कार्यक्रमातला नाही. पुढच्याच वर्षी पठ्ठ्याने शिकागोकडून एनएचएलमध्ये (मोठ्यांची व्यावसायिक लीग) २८ गोल मारले. तो खांद्यावरून मागे बघत नव्हता वाटतं?

रिंकवरचा बाप

वाटच बघत होतो. त्या २०१७ च्या संघाने काय केलं तेही सांगा की. सातपैकी सात जिंकले. मॉन्ट्रियलमध्ये, कॅनडाच्या घरात, ०-२ आणि २-४ असे मागे पडून ५-४ ने सुवर्ण. ट्रॉय टेरी, एनएचएलच्या ड्राफ्टात (क्लब फेऱ्याफेऱ्यांनी नवी पोरं निवडतात तो) पाचव्या फेरीत निवडलेला पोरगा. उपांत्य सामन्यात रशियाविरुद्ध शूटआउटमध्ये तीन वेळा, अंतिम सामन्यात एकदा, चारही वेळा गोलकीपरच्या पायांच्या फटीतून. तो काही त्या वर्षी ६५ गोलवाला नव्हता. वरचे पंचवीस मोजून घेतले असते तर टेरी घरी टीव्ही बघत बसला असता.

तिरकस चाल

शूटआउटवर जिंकलात हो! साठ मिनिटांत बरोबरी, जादा वेळेत बरोबरी, मग एकेकाने जाऊन मारायचं. लॉटरी लागली म्हणून तिकीट काढणारा अर्थतज्ज्ञ ठरत नाही.

कोल्हापुरी चप्पल

हितं समदे डीब्रिंकॅटवर तुटून पडल्यात. भावांनो, कोल काउफील्ड विसरला व्हय? त्योबी ५ फूट ७. पण त्यो प्लिमथचाच. २०१८-१९ ला ७२ गोल, त्या कार्यक्रमातला विक्रम. लेन हटसन बी बारकाच, ड्राफ्टात ६२ वा गेला, दोन वर्ल्ड ज्युनिअर्स खेळला आणि २०२५ ला एनएचएलचा सर्वोत्तम नवोदित झाला. मग बुटक्यांवर अन्याय कुठनं झाला?

तिरकस चाल

तुम्हीच माझा मुद्दा मांडलात, आभार. बुटक्याला आत यायला ७२ गोल मारावे लागतात. सहा फूट तीन इंचवाल्याने बारा मारले तरी तो "प्रोजेक्ट". "अजून अंगाने भरेल", "पल्ला मोठा आहे". लग्नाच्या बाजारात मुलाचा पगार विचारतात तशी यांची उंची विचारतात.

हिमगौरी

तुमचं उंचीपुराण चालू द्या, पण मूळ दुखणं वेगळं आहे आणि ते कुणी बोलत नाही. जन्माचा महिना.

माझ्या मुलीचा जन्म २८ डिसेंबरचा. अमेरिकेत हॉकीचा वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे ती चार दिवस उशिरा झाली असती तर वयोगटात सगळ्यांत मोठी. झाली ती सगळ्यांत लहान. तेराव्या-चौदाव्या वर्षी वर्षभराचा फरक म्हणजे काय असतो हे आयांना विचारा. एका चाचणीत तिला कारण दिलं, "हुशार आहे, पण अजून ताकद कमी पडते." अहो, समोरची अकरा महिन्यांनी मोठी आहे! वरच्या संघात घेतलेल्यांना चांगला कोच, जास्त बर्फ, जास्त सामने. दोन वर्षांनी ती खरंच चांगली खेळते आणि मग निवडणारे म्हणतात, बघा, आमची नजर. स्वतःच खत घालायचं आणि स्वतःच पीक ओळखल्याबद्दल पाठ थोपटून घ्यायची.

राजेहो

ताई, शंभर टक्के सहमत. ऑस्टन मॅथ्यूजचंच पाहा ना. १७ सप्टेंबर १९९७ चा जन्म. ड्राफ्टसाठी वयाची शेवटची तारीख १५ सप्टेंबर. दोन दिवसांनी गाडी हुकली, बिचाऱ्याले वर्षभर थांबा लागलं, झुरिकले जाऊन खेळला. काहून? दोन दिवसांसाठी!

रिंकवरचा बाप

राजेहो, गल्लत होतेय. मॅथ्यूज ड्राफ्टसाठी थांबला, म्हणजे २०१६ च्या ड्राफ्टला तो जवळपास सगळ्यांत मोठा होता. पहिला निवडला गेला. वर्ल्ड ज्युनिअर्सचा हिशोब कॅलेंडर वर्षाचा. तिथे सप्टेंबर ते डिसेंबरवाले लहान ठरतात. ड्राफ्टात थोरले, वयोगटात शेंडेफळ. हिमगौरीताईंचा मुद्दा वेगळा आहे आणि तो, नाइलाजाने, बरोबर आहे. मिनेसोटावाल्यांनी लहान मुलांचे वयोगट शाळेच्या वर्गांशी जुळवून घेतलेत, तिथली तारीख उन्हाळ्यात येते.

सदाशिव पेठ ते सेंट पॉल

उन्हाळ्यात? म्हणजे आपला १ जूनच की! माझे वडील, दोन्ही काका, आत्या आणि शेजारचे जोशी, सगळे १ जूनचे. गुरुजींनी शाळेत घालताना ठोकून दिलेले. मिनेसोटात असते तर सगळे राष्ट्रीय संघात.

राजेहो

हा हा. आमच्या बाबाची जन्मतारीख आजी सांगे, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले." कागदावर १ जून. सरकारी नोकरी, म्हणून ३१ मेलाच निवृत्त. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटी घरी जाते. ऑफिसात त्या दिवशी अकरा जणांचा निरोप समारंभ, एकच हार फिरवला.

कोल्हापुरी चप्पल

एकच हार 😂 मेलो.

मास्तरीण बाई

गुरुजींना हसणं सोपं आहे. मी शिक्षकाची मुलगी. गावात पालकांना तारीख माहीत नसायची, जन्माची नोंद नसायची आणि सहा वर्षं पूर्ण असल्याशिवाय नाव घालता यायचं नाही. गुरुजींनी १ जून लिहिलं म्हणून तुमचे वडील शाळेत गेले आणि तुम्ही सेंट पॉलला. जरा कृतज्ञता?

सदाशिव पेठ ते सेंट पॉल

बाई, विनोद होता. पण त्याच सवयीतून पुढे वय चोरणं आलं, ते नाकारणार का? माझा भाचा मुंबईत १४ वर्षांखालचं क्रिकेट खेळायचा. समोरच्या बोलरला मिशा. नुसती लव नाही, मिशा. शेवटी क्रिकेट बोर्डाला पोरांच्या डाव्या मनगटाचे एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवावं लागलं.

मास्तरीण बाई

वय चोरणारे पालक आणि गुरुजी एकाच माळेत ओवलेत, छान. मिशा बाराव्या वर्षीही येतात. तुमच्या भाच्याला बोलिंग खेळता येत नव्हती, असंही असू शकतं.

सदाशिव पेठ ते सेंट पॉल

भाच्यावर जाऊ नका. सांगून ठेवतो.

हिमगौरी

मी अठ्ठावीस डिसेंबरबद्दल बोलत होते. धन्यवाद सगळ्यांना. 🙏

तिरकस चाल

चला, मिशांवरून परत बर्फावर. बापसाहेब, जन्ममहिना बरोबर हे मान्य केलंत. मग प्लिमथची निवड पंधरा-सोळाव्या वर्षी होते, म्हणजे हा घोळ सगळ्यांत जास्त असतो त्याच वयात, हेही मान्य करा. मग दोन वर्षं ती पोरं बिलेट (खेळाडूंना घरात ठेवणाऱ्या) कुटुंबात राहतात, रोज एकत्र खेळतात, कॉलेजच्या संघांशी भिडतात, परदेशी स्पर्धा खेळतात. अठराव्या वर्षी ती पुढे असणारच. २०१९ च्या ड्राफ्टात पहिल्या फेरीत एकाच कार्यक्रमातले आठ जण. ही नजर की खत?

रिंकवरचा बाप

दोन्ही. पण खताचा फायदा देशाला होतो, हे विसरता. स्मिथ, लेनर्ड, पेरो ही तीन फॉरवर्डची ओळ प्लिमथला एकत्र, बॉस्टन कॉलेजात एकत्र, २०२४ ला गोथेनबर्गच्या वर्ल्ड ज्युनिअर्समध्येही एकत्र. पक कुठे येणार हे एकमेकांना न बघता कळतं. सरावाला मोजून थोडे दिवस मिळतात, त्यात असली जोडी नव्याने कशी बांधणार? स्वीडनला त्यांच्या घरात ६-२ ने हरवलं. पुढच्या वर्षी ओटावात फिनलंडशी साखळीत ओव्हरटाइममध्ये ३-४ हरले आणि अंतिम सामन्यात ओव्हरटाइममध्येच ४-३ जिंकले. गोल टेडी स्टिगाचा, दुसऱ्या फेरीतला पोरगा. यालाही लॉटरी म्हणा.

तिरकस चाल

नाही म्हणत. दोन वर्षं सलग लॉटरी लागली तर तिकीट विकणाऱ्याची ओळख आहे असं म्हणतो.

पण २०१३ आठवा. जॉनी गॉड्रो. चौथ्या फेरीतला, चणीने बारीक, प्लिमथचा नाही, डब्यूकच्या ज्युनिअर संघातून आलेला. सात सामन्यांत सात गोल, सुवर्ण. त्याला नेलं तेव्हा कुणाला पेनल्टी मारून काढायची चिंता पडली नव्हती. तसाच एक २०१७ ला घरी ठेवलात.

रिंकवरचा बाप

जॉनीचं नाव घेतलंत, आता काय भांडू. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो आणि त्याचा भाऊ सायकलवरून जाताना गाडीखाली गेले, त्या रात्री माझ्या मुलाने, जो आता हॉकी खेळतही नाही, स्टिक काढून दाराबाहेर उभी केली होती. तोही बारीकच होता. जॉनी बघून खेळायला लागलेला.

बरं, डीब्रिंकॅटला तेरावा फॉरवर्ड म्हणून न्यायला हवं होतं. बास? यापुढे सरकणार नाही.

तिरकस चाल

६५ गोलवाला तेरावा! एवढी उदारता झेपत नाहीये, पाणी द्या कुणीतरी.

हिमगौरी

माझी मुलगी यंदा गोलकीपर झाली. म्हणते, तिथे तरी ताकद कमी पडते असं कुणी म्हणणार नाही. शनिवारी सहाला सामना आहे, बापसाहेब तुमच्याच गावाजवळ. थर्मास घेऊन या.

रिंकवरचा बाप

संध्याकाळी सहा की सकाळी?

हिमगौरी

तुम्ही नऊ वर्षं हॉकीचे बाप होतात ना? मग विचारता काय.