प्रॉडक्ट ऑप्स: टीमला हातभार की मध्ये बसवलेला आणखी एक माणूस?

रोडमॅपग्रस्त
आमच्या कंपनीत प्रॉडक्ट ऑप्सची, म्हणजे प्रॉडक्ट टीम्सचे आकडे, ग्राहकांची माहिती आणि कामाच्या पद्धती सांभाळणाऱ्या माणसाची, नवी जागा निर्माण करायचं घाटतंय. माझा विरोध आहे, कारण सांगतो.

ग्राहकाशी बोलणं, वापराचे आकडे उकरणं, सेल्स आणि सपोर्टला काय बदललं ते समजावणं हे सगळं पीएमचंच (प्रॉडक्ट मॅनेजरचंच) काम आहे. ते काढून दुसऱ्याला दिलं तर पीएमकडे उरतं काय? डेव्हलपरांसाठी कामाची तिकिटं लिहिणं आणि मीटिंगा. प्रॉडक्ट मॅनेजमेंटवर लिहिणारे मार्टी केगन यांनी या एकाच नावाखाली कितीतरी वेगवेगळ्या भूमिका कशा खपतात हे दाखवलं होतं. त्यातली एक म्हणजे जुन्या पीएमओचा, म्हणजे सगळ्या प्रोजेक्टांवर नजर ठेवणाऱ्या ऑफिसचा, पुनर्जन्म. आमच्याकडे नेमका तोच होणार, अशी माझी खात्री आहे. ज्यांना वाटतं की याने टीमचं भलं होतं, त्यांनी कसं ते सांगावं. गुळगुळीत वाक्यं नकोत.

आकडेमोडी
सांगतो. 'ॲक्टिव्ह यूजर' म्हणजे कोण? एक टीम लॉगिन केलेल्याला मोजते, दुसरी महिन्यातून एखादी कृती केलेल्याला, आणि फायनान्सच्या लेखी पैसे भरतो तोच खरा. तिमाही आढाव्यात अर्धा वेळ जातो तो कोणाचा आकडा बरोबर यावर. कोणताही एक पीएम हे सोडवू शकत नाही, कारण इतर टीम्सवर त्याचा अधिकार नसतो. आणि सोडवलं नाही म्हणून त्याला कोणी विचारतही नाही!

दुसरं, टीम्सची संख्या. सॉफ्टवेअर प्रकल्पांवर लिहिणारे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच माणसांबाबत दाखवलेलं गणित टीम्सनाही लागू पडतं: चार टीम्स असतील तर आपसातल्या जोड्या ६, बारा झाल्या की ६६. सहा जोड्यांचं तोंडातोंडी भागतं. सहासष्टांचं भागत नाही. प्रॉडक्ट ऑप्सवर पुस्तक लिहिणाऱ्या मेलिसा पेरी आणि डेनिस टिल्स या कामाचे तीन भाग करतात: धंद्याचे आकडे, ग्राहक आणि बाजाराची माहिती, आणि कामाच्या पद्धती. पहिल्या भागापुरतं तरी तुमचं 'पीएमनेच करावं' टिकत नाही.

बॅकलॉगभूषण
पहिल्या भागासाठी डेटा टीम असते की. व्याख्या त्यांनी ठरवाव्यात.

मला भीती आहे ती पुढच्या पायरीची. व्याख्या झाल्या की डॅशबोर्ड येतो, डॅशबोर्ड आला की त्यावर टीम्सची तुलना सुरू होते. मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप कामाचं राहत नाही. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ सालीच चलनविषयक धोरणाच्या संदर्भात हे हेरलं होतं. 'रोडमॅपवरचं (पुढे काय बनवायचं त्या आराखड्यातलं) किती वेळेत पोचवलं' हा आकडा एकदा भिंतीवर लागू द्या. टीम्स रोडमॅपवर छोट्या, बिनधोक गोष्टीच टाकायला लागतात. आकडा हिरवा, प्रॉडक्ट जिथल्या तिथे.

टेम्पलेटांचंही तेच. ऑप्सवाल्याला वर्षअखेरीस दाखवायला काहीतरी लागतं, म्हणून नवा फॉर्म येतो. जुना फॉर्म रद्द केल्याबद्दल बढती मिळालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सपोर्टवाली
तुम्ही सगळे पीएमच्या खुर्चीतून बोलताय. आमच्या बाजूने बघा. रिलीज शुक्रवारी संध्याकाळी जातं आणि बदल झालाय हे आम्हाला चिडलेल्या ग्राहकाकडून कळतं. पीएमला विचारलं तर 'चॅनेलवर टाकलं होतं'.

आमच्याकडे ऑप्सची बाई आल्यावर तिने फार मोठं काही केलं नाही. रिलीजआधी तीन गोष्टी हव्यात एवढंच ठरवलं: मदतीचं पान, आम्हाला आधी दाखवलेला डेमो, आणि बिघडलं तर मागे कसं घ्यायचं आणि कोणाला उठवायचं. मग ती ग्राहकांच्या तक्रारींच्या तिकिटांवरच्या टॅगकडे वळली. आमचा सगळ्यात मोठा टॅग होता 'इतर'. त्याखालोखाल 'लॉगिन होत नाही', ज्याच्या पोटात चार वेगळी कारणं निघाली: संपलेलं आमंत्रण, चुकीचं वर्कस्पेस, कंपनीची सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) सेटिंग आणि खरंच विसरलेला पासवर्ड. तोवर पीएम लोक पासवर्डचं पानच सुधारत बसले होते.

रोडमॅपग्रस्त
सपोर्टवाली, हे पटलं. पण तिने तुमची तिकिटं पीएमकडे जशीच्या तशी पोचवली, की सारांश करून? माझा खरा आक्षेप तिथे आहे.

सारांशात येतं, 'वापरकर्त्यांना एक्स्पोर्ट अवघड जातं'. पीएम एक्स्पोर्टचं बटण मोठं करतो. मूळ संभाषण ऐकलं तर कळतं की तक्रार करणारी बाई दर सोमवारी फाइल काढते, कारण तिच्या साहेबांकडे लॉगिनच नाही. तिला हवी आहे फक्त-बघण्याची परवानगी, एक्स्पोर्टशी तिचं काही देणंघेणं नाही. हे 'कारण साहेबांकडे' सारांशात सगळ्यात आधी गळतं.

सपोर्टवाली
जशीच्या तशी. शिवाय दर पीएमला महिन्यातून एकदा आमच्यासोबत कॉल ऐकायला बसवते. कुरकुरतात, पण येतात.

आकडेमोडी
मग भांडण कुठे उरलं? ग्राहकाशी बोलावं पीएमनेच. पण बोलण्याआधी योग्य माणूस शोधा, त्याला गेल्या आठवड्यात दुसऱ्या टीमने पिडलं नाही ना ते बघा, संमती घ्या, वेळ जुळवा; नंतर रेकॉर्डिंग सापडेल अशा जागी ठेवा. या खटाटोपापायी मुलाखतच पुढे ढकलली जाते. मधला तास पीएमचा, आजूबाजूचा पसारा ऑप्सचा. 'पीएम सगळं स्वतः करतो' असं म्हणणाऱ्या बहुतेक ठिकाणी मुलाखती होतच नाहीत, हे कबूल करा.

बॅकलॉगभूषण
तीन टीम्सच्या कंपनीत हा पसारा नसतोच, तिथे कृपया कोणी ही जागा निर्माण करू नका. मोठ्या ठिकाणी ठीक, पण प्रत्येक प्रक्रियेला मुदत हवी. सहा महिन्यांनी टीम्सनी स्वतःहून मागितली तरच ती पुढे चालू.

जुनाजाणता
एवढंच विचारा: हा माणूस रिपोर्ट कोणाला करतो? प्रॉडक्टच्या प्रमुखाला करत असेल तर टीमचे अडथळे काढेल. पीएमओला करत असेल तर टीमकडून स्टेटस मागेल. जॉब डिस्क्रिप्शनमध्ये काय लिहिलंय याने काही फरक पडत नाही.

रोडमॅपग्रस्त
आमच्याकडे पीएमओलाच करणार आहे.

ठीक, विरोध थोडा मवाळ करतो. मुलाखतींची जुळवाजुळव, रिलीजची तयारी, आकड्यांच्या व्याख्या, टूल्सची लायसन्सं: घ्या, आनंदाने घ्या. प्राधान्यक्रमाला हात लावायचा नाही आणि ग्राहकाचं म्हणणं गाळून आणायचं नाही. हे दोन्ही लेखी मिळालं आणि रिपोर्टिंग बदललं तर मी हो म्हणेन.

आकडेमोडी
आणि दोन टीम्सना एकाच प्लॅटफॉर्म टीमकडून (सगळ्यांना लागणारा तांत्रिक पाया सांभाळणारी टीम) एकाच महिन्यात काम हवं असेल, तेव्हा? प्राधान्यक्रमाला हात न लावता ते कोण सोडवणार?

रोडमॅपग्रस्त
प्रॉडक्टचा प्रमुख. त्याचा पगार त्यासाठीच आहे. ऑप्सने फक्त ही टक्कर महिनाभर आधी त्याच्या टेबलावर ठेवावी.

आकडेमोडी
आमच्याकडच्या त्या टेबलावर अशा अकरा टकरी पडून आहेत.