मदत हवी आहे : रत्नागिरीत बदली, माळनाक्याचा फ्लॅट घ्यावा की खेडशीचं अंगणवालं घर?

ठाणेकर_सध्यातरी

नमस्कार मंडळी. जानेवारीत ठाण्याहून रत्नागिरीला येतोय. काम मिरजोळे एमआयडीसीत, जनरल शिफ्ट. घरात चौघं : आम्ही दोघं, सातवीतली मुलगी आणि आई (७१, गुडघे दुखतात, महिन्याला एक तपासणी). स्कूटर एक, गाडी नाही. दिवाळीत येऊन दोन घरं पाहिली.

(क) माळनाका परिसर. दुसरा मजला, लिफ्ट नाही. ६१० चौ. फूट कार्पेट. भाडं १०,५००, डिपॉझिट ५०,०००.

(ख) खेडशी, हायवेपासून ८०० मीटर आत. बैठं घर, ९५० चौ. फूट, पुढे अंगण, मागे परसू, स्वतःची विहीर. भाडं ८,०००, डिपॉझिट २५,०००.

ऑफिस दोन्हीकडून जवळपास सारखंच. बायकोला (ख) आवडलंय, मला (क) सोयीचं वाटतं. दोन-तीन वर्षं भाड्याने राहून मग विकत घ्यायचा विचार आहे. विहीर भरलेली होती, पाण्याचा प्रश्न नसावा. आणखी काय बघायचं?

सड्यावरचा

दिवाळीत भरलेली नसेल तर ती विहीर कसली! कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात टँकर फिरतात. इथला जांभा दगड सच्छिद्र, पाणी आत घेतो आणि उताराने सोडूनही देतो. कातळावरची विहीर ऑक्टोबरात हाताला लागते, एप्रिलअखेर तळ दाखवते. त्यामुळे 'पाणी आहे का' असं विचारू नका, 'गुढीपाडव्यानंतर किती फूट असतं' असं विचारा.

घरमालक 'आहे की' म्हणणारच. स्वतः बघायचं असेल तर असं :

विहिरीत वाकून पंपाचा पाइप कुठवर उतरवलाय ते बघा. फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या खालच्या टोकाची झडप) अगदी तळाला टेकवलेला असेल आणि वर पाइपचे दोन-तीन जोड वाढवलेले दिसत असतील, तर दर वर्षी पाण्यामागे पाइप उतरवत न्यावा लागतोय. दोरीला दगड बांधून सोडा, भिजलेली दोरी मोजा. जानेवारीत याल तेव्हा परत मोजा. दोन महिन्यांत किती फूट उतरलं यावरून मेचा अंदाज घरमालकाच्या शब्दापेक्षा बरा बांधता येतो.

ग्रामपंचायतीत जाऊन वाडीचं नाव सांगा आणि टंचाई आराखड्यात ती वाडी आहे का विचारा. हा आराखडा तालुक्याला दर वर्षी होतो, टँकर कुठे लागणार ते त्यात वाडीवार असतं. शेजारच्या घराबाहेर हजार-हजार लिटरच्या काळ्या टाक्या ओळीने मांडलेल्या दिसल्या, तर आराखडा बघायचीही गरज नाही.

लिटर_मोजणारा

वरच्या प्रतिसादाला आकडे जोडतो. शहरी मापदंड माणशी १३५ लिटर, म्हणजे चौघांना ५४० लिटर रोज. ग्रामीण नळयोजनेचा (जलजीवन) मापदंड ५५ लिटर, म्हणजे २२० लिटर. वॉशिंग मशीन आणि कमोड घेऊन ठाण्याहून येणारं घर २२० मध्ये भागवत नाही. उरलेले ३२० विहिरीने द्यायचे, नाहीतर टँकरने. विहीर आणि नळ दोन्ही आटले तर ५,००० लिटरचा टँकर तुम्हाला नऊ दिवस पुरेल, तोही उतरवून घ्यायला तेवढी टाकी असेल तर. छपरावरच्या एका हजारीत टँकर कसा रिकामा होणार?

पागोळीचं पाणी साठवू असं कुणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. ९५० चौ. फुटांच्या छपरावर पावसाळ्यात दोन लाख लिटरच्या वर पाणी पडतं, खरं आहे. पण ते मेपर्यंत ठेवायचं कुठे? १०,००० लिटरची टाकी बांधली तरी १८ दिवस.

शहरातही सगळं आलबेल नाही. नगरपरिषदेचं पाणी शीळ धरणातून येतं, साठा उतरला की एक दिवसाआड होतं. इमारतीत आठ फ्लॅट असतील तर दिवसाला ४,३०० लिटर लागतात, म्हणून खालची टाकी ९-१० हजार लिटरची हवी. पाच हजारांची असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी नळ कोरडे. सेक्रेटरीला टाकीचं माप विचारा, आणि बोअरवेल असेल तर ती एप्रिलात चालते का तेही.

पाखाडी_चढणारी

तुमच्या प्रश्नात आई एका ओळीत आटोपल्यात, निर्णय मात्र त्यांच्यावर ठरायला हवा.

दुसरा मजला म्हणजे किती पायऱ्या ते मोजून आलात का? मजल्याला साधारण १८ धरल्या तर दोन मजल्यांच्या ३६. खाली पार्किंग सोडलेलं असेल आणि त्याच्या वरून मजले मोजत असतील तर ५४. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं. अशा घरात म्हातारं माणूस आठवड्यातून एकदा खाली येतं, मग पंधरवड्यातून एकदा, मग फक्त डॉक्टरकडे जायला. मग घर शहरात असून त्यांना उपयोग काय?

आणि खेडशीला आठशे मीटर सपाट आहेत की चढाचे? मधे पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) आहे का? जुलैत जांभ्याच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरतं, धडधाकट माणूसही तिथे आडवा होतो. रिक्षा घराच्या दारापर्यंत येते का, की गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) सोडून वळते, हे रिक्षावाल्यालाच विचारा. रात्री दहाला बोलावली तर परतीचं भाडंही तुम्हालाच भरावं लागेल, ते धरा.

रत्नागिरीत चालण्याजोगा भाग म्हणजे सगळं शहर नव्हे. मारुती मंदिर, माळनाका, शिवाजीनगर हा पट्टा वर सड्यावर (कातळाच्या पठारावर), बराचसा सपाट. बाजारपेठ, राम आळी, गोखले नाका खाली. खालून वर येताना पिशवी हातात असली की दम लागतो. जिल्हा रुग्णालय जयस्तंभाजवळ. म्हणून आईंसाठी घर निवडायचं तर वरच्या पट्ट्यात तळमजला किंवा लिफ्ट, दूध, औषधं आणि रिक्षास्टँड ४०० मीटरच्या आत. तुमच्या दोन पर्यायांत हा पर्यायच नाही.

खाडीपलीकडून

सगळे शहराच्या बाजूने बोलतायत म्हणून दुसरी बाजू. बैठं घर, अंगण, ओटीवर बसायला जागा, येणारी-जाणारी माणसं. ७१ वर्षांच्या बाईला हे फ्लॅटच्या गॅलरीपेक्षा मोठं आहे. मासेवाली दारात येते (जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा सुकट). मुलीला सायकल चालवायला जागा. ग्रामीण भागातून शाळेत जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, तो मिळेल. बसच्या वेळा मात्र आगारात विचारा, शाळा सुटल्यावर पुढची गाडी कधी ते महत्त्वाचं.

पाणी उन्हाळ्यात टिकतं असं सिद्ध झालं तर मी (ख) म्हणेन. एका स्कूटरवर मात्र नाही. तिथे दुसरी स्कूटर लागणारच.

लिटर_मोजणारा

स्कूटरचा हिशेब करू. खेडशीहून शहरात जाऊन-येऊन १५-१६ किमी. शाळा, क्लास, बाजार मिळून रोज दोन फेऱ्या धरल्या तर ३२ किमी, २५ दिवसांचे ८०० किमी. ४५ चं मायलेज आणि १०५ रुपये लिटर धरला तर १,८७० रुपये. भाड्यातला फरक २,५००. शिल्लक ६३०, ती आईंच्या रिक्षाच्या दोन-तीन फेऱ्यांत संपली. स्वस्त म्हणून (ख) घेऊ नका. अंगण हवंय म्हणून घ्या.

ओल_आणि_गंज

मी फक्त घराबद्दल.

बैठ्या घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या असतील तर नैर्ऋत्येची भिंत बघा, पावसाची झड तिकडून येते. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट आलेलं हवं. बोटाच्या पेराने प्लास्टरवर खालून वर ठोकत जा. भरीव आवाज ठीक, 'पोक' आवाज आला की आत प्लास्टर सुटलंय. दिवाळीत घरांना नवा रंग असतो, त्याच्याखाली ओल दडते. कपाट भिंतीपासून चार बोटं ओढून मागे बघा, तिथे कुणी रंग लावत नाही.

फ्लॅट शेवटच्या मजल्यावर असेल तर स्लॅबवर पत्र्याची शेड आहे का? नसेल तर जुलैत छताला काळे ठिपके येणार. गॅलरी नैर्ऋत्येला असेल तर कपडे वाळवायची दोरी घरात कुठे बांधणार ते आताच ठरवा. लोक हसतात, पण जून ते सप्टेंबर याच प्रश्नावर घरात भांडणं होतात.

समुद्राकडून थेट वारा येतो तिथे बिजागऱ्या, गॅसची शेगडी, एसीचं बाहेरचं युनिट लवकर गंजतं. स्टील घ्याल तर ३०४ ग्रेडपेक्षा ३१६ टिकतं, महाग आहे. मांडवीला हा त्रास दारातच, खेडशीला पुष्कळ कमी. तेवढा गुण (ख) ला.

सड्यावरचा

विजेचं राहिलं. ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते लांबची गोष्ट झाली, साध्या आगोटीच्या (पावसाच्या तोंडावरच्या) वाऱ्यालाही वाडीतल्या तारेवर फांदी पडतेच. शहराचा फीडर (मुख्य वीजवाहिनी) आधी सुरू होतो, वाडीची लाइन फिरून शोधावी लागते.

इन्व्हर्टरला १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे १२ व्होल्ट गुणिले १५०, १,८०० वॉट-तास, हाती साधारण १,२०० येतात. ७५ वॉटचे तीन जुने पंखे आणि ९ वॉटचे पाच दिवे : २७० वॉट, साडेचार तास. तेच पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे), ३० वॉटचे लावले तर १३५ वॉट, नऊ तास. आधी पंखे बदला, बॅटरी नंतर.

एक हॉर्सपॉवरचा पंप यावर चालणार नाही, सुरू होतानाच तो कित्येक पट करंट ओढतो. म्हणजे वीज गेली की विहीर भरलेली असूनही नळ कोरडा. विहिरीवर रहाट आहे का बघा. असला तर दोर नवा घ्या.

परसवात चिऱ्यांचा ढीग आणि लाकूडफाटा भिंतीला लागून रचलेला असेल तर घरमालकाला हलवायला सांगा. फुरसं (विषारी साप) आपल्याकडे सर्रास, आणि ते अशाच फटींत बसतं. रात्री विहिरीकडे जाताना हातात टॉर्च आणि पायात बूट. चावलं तर बांधाबांध, ब्लेडने कापणं, मंत्र काही नाही. पाय स्थिर ठेवून थेट जिल्हा रुग्णालय.

करारनामा

कुठलंही घर घ्या, लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) नोंदवूनच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणी सक्तीची, जबाबदारी मालकाची. 'साध्या स्टॅम्पवर करू' याला नाही म्हणा. (क) साठी हिशेब : अकरा महिन्यांचं भाडं १,१५,५०० अधिक डिपॉझिटवर १० टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज ४,५८३. बेरजेवर ०.२५ टक्के, म्हणजे साधारण ३०० रुपये मुद्रांक. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत १,०००, ग्रामपंचायतीत ५००. एवढ्यासाठी कशाला वाद.

करारात दोन ओळी हट्टाने घाला : टँकरचा खर्च कुणाचा, आणि लॉक-इन (घर सोडता न येण्याची मुदत) तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. जानेवारीत राहायला गेलात तर एप्रिलात बाहेर पडायची वाट मोकळी हवी.

विकत घ्यायचं तर एक अख्खा मे आणि एक अख्खा जुलै त्या भागात काढल्याशिवाय नको. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा म्हणजे कराची नोंद, मालकी नव्हे. 'आठ नंबर (हाच उतारा) आहे ना' म्हणून जागा घेणारे पुढे कुळांच्या नावांनी भरलेला सातबारा घेऊन फिरतात.

ठाणेकर_सध्यातरी

सगळ्यांचे आभार. इथल्या मित्राला पाठवून चौकशी केली. (क) : खाली पार्किंग, म्हणजे आईला ५० च्या वर पायऱ्या. रद्द. (ख) : फूटव्हॉल्व्ह तळाला टेकलेला, शेजारी म्हणतात एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस पडेपर्यंत विकत पाणी. तेही तूर्त नाही. शिवाजीनगरला तळमजला मिळतोय, ५६० चौ. फूट, ११,०००. मुख्य रस्ता २०० मीटर. बायको जागेवरून नाराज आहे, पण अंगणाचं विकत घेताना बघू म्हणते. तळमजल्याला वेगळं काय बघायचं?

ओल_आणि_गंज

जोतं रस्त्यापेक्षा किती वर आहे ते. दीड फूट तरी हवं. समोरच्या गटाराला उतार कुणीकडे, तेही. भिंतीला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरी खार फुटलेली असेल तर ओल खालून चढतेय, रंगाने जाणार नाही. लाकडी कपाटं आणि पलंग तिथे विटेवर ठेवावे लागतील. बाथरूमची जाळी उचलून बघा. वरच्या सगळ्या मजल्यांचं सांडपाणी तुमच्या चेंबरमधून जात असेल तर मुसळधार पावसात ते तुमच्याच न्हाणीत वर येतं. बादलीभर पाणी जाळीत ओता आणि बाहेर चेंबरचं झाकण उघडून ते किती वेळात पोचतं बघा. आणि घरमालकासमोर ओता, म्हणजे नंतर 'आधी नव्हतं' म्हणता येत नाही.