अर्वेन? बारसं रविवारी आहे!

विजूताई: कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि मला भाचीचं नाव फॅमिली ग्रुपवर कळतंय. अर्वेन म्हणजे काय रे केदार? कृत्तिकेचं 'अ' अक्षर जुळलं म्हणून काहीही चालेल का?

केदार: ताई, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनने घडवलेलं नाव आहे. त्यानेच रचलेल्या सिंदारिन भाषेत 'अर' म्हणजे थोर, राजकुळातली. 'वेन' म्हणजे कन्या. त्या भाषेचा नाद त्याने मुद्दाम वेल्शवरून बेतला होता. आणि आम्ही वेल्सच्या राजधानीत, कार्डिफलाच राहतो.

नानाकाका: थोडक्यात, खोट्या भाषेतलं नाव.

मृदुला: काका, वेल्शमध्येही 'वेन' आहे, अर्थ वेगळा. मूळ शब्द 'ग्वेन', शुभ्र किंवा पवित्र. जोडशब्दात ग गळतो. 'ओल' म्हणजे पाऊलखूण, त्यावरून ओल्वेन. वेल्श कथेत ती चालते तिथे पांढरी फुलं उगवतात. 'आयरा' म्हणजे बर्फ, त्यावरून आयर्वेन. सिंदारिनमध्येही ग असाच गळतो, म्हणून कानाला नाव वेल्श वाटतं. पण दोन्ही अर्थ मिसळून पत्रिकेवर 'शुभ्र राजकन्या' छापू नका प्लीज.

तुषार: स्पेलिंगमध्ये एनच्या आधी ई. वाय नको. वेल्शमध्ये ग्विन पुल्लिंगी, ग्वेन स्त्रीलिंगी. वाय घातला की अर्विन, मुलाचं नाव.

बंटी: आर्वी, जिल्हा वर्धा 😂 एसटी थांबते का?

विजूताई: बंट्या, गप्प बस.

नानाकाका: अर्वेन नावाचं वादळ आलं होतं ना तिकडे?

केदार: हो काका, नोव्हेंबर २०२१.

बंटी: मग रात्रभर जागवणार हे नक्की 🌪️

शोभाकाकू: आमच्या गौरीच्या मुलीचं शनाया ठेवलं, तेव्हा याच ग्रुपवर आठ दिवस चेष्टा चालली होती. असो.

विजूताई: काकू, जुनं आत्ता नको ना. केदार, उच्चार सांग. व्हिडिओवरून कुर्र करताना चुकायला नको.

केदार: जोर पहिल्या अक्षरावर. र स्पष्ट, इंग्रजांसारखा गिळायचा नाही. व म्हणताना ओठ गोल.

विजूताई: मग हे 'आर्वेन' झालं. अ की आ?

मृदुला: आ, पण आखूड. ताई, कागदावर आर्वेन लिहा.

नानाकाका: अक्षर अ आलंय. आ कुठून काढला?

शोभाकाकू: नाना, अ-आ एकच धरतात.

तुषार: वेल्समध्ये नोंदणीला जन्मापासून ४२ दिवस मिळतात. सही करण्याआधी स्पेलिंग अक्षरन् अक्षर वाचा, नंतर दुरुस्तीला पुरावा आणि फी लागते. पासपोर्टवरही तेच जाणार. एनच्या आधी ई.

केदार: तुषार, तिसऱ्यांदा 🙏

तुषार: दुसऱ्यांदा. वाय नको.

विजूताई: ठीक आहे, आर्वेन. मी घुगऱ्या भिजत घालते.