"आधी बिल भरा, मग तक्रार करा" हे बरोबर आहे का?

इंदिरानगरची सून:
आमचा विजेचा मीटर खाली पार्किंगमध्ये जिन्याच्या बाजूला आहे, गेटला कुलूप नाही, कुत्रं नाही, तरी पाच महिने बिलावर रीडिंग नाहीच, दर महिन्याला सरासरी 62 युनिट लावून मोकळे. सहाव्या महिन्यात रीडिंग घेतलं तर सहा महिन्यांचे 840 युनिट, त्यातले 310 आधीच बिलात आलेले, उरलेले 530 एकाच महिन्यात लावले आणि बिल 7,140 रुपये. आता बघा, 840 भागिले 6 म्हणजे महिन्याला 140 युनिट. महिन्याचे युनिट जास्त तसा दर चढा, त्या टप्प्याला स्लॅब म्हणतात; आमचा वापर 101 ते 300 च्या स्लॅबच्या वर कधी गेलाच नाही, आणि बिल लावलं 500 च्या वरच्या स्लॅबपर्यंत! वापरलेल्या विजेचे पैसे द्यायला माझी ना नाही, पण या दोनेक हजारांच्या फरकाचं काय? ऑफिसात गेले तर खिडकीवरच्या माणसाने बिल हातात पण घेतलं नाही, आधी भरा मग अर्ज द्या म्हणे. माझं म्हणणं एवढंच की चूक त्यांची असेल तर पैसे आमचे का अडकवायचे.

सातपूरचे काका:
ताई, मी या वीज खात्यात तीस वर्षं काढली म्हणून बोलतो, राग मानू नका. पाच महिने बिलावर रीडिंग नाही हे दिसत होतं ना? बिल कमी आलं की कोणी ऑफिसला येत नाही, जास्त आलं की सगळे येतात. रीडिंग पाठवा म्हणून मोबाईलवर मेसेज पण येतो. रीडिंग घेणारी पोरं कंत्राटी असतात, उन्हातान्हात हिंडतात, सगळा दोष त्यांच्यावर टाकून कसं चालेल.

इंदिरानगरची सून:
काका, मेसेज येत असेल, पण तो सासऱ्यांच्या नंबरवर. कनेक्शन त्यांच्या नावावर, ते जाऊन तीन वर्षं झाली. नाव बदललं नाही ही आमची चूक, मान्य. पण पोरांवर माझा राग नाहीच, पाच महिने एकाच मीटरला सरासरी लागतेय हे ऑफिसातल्या कॉम्प्युटरला दिसत नाही का?

पंचवटीकर वकील:
"आधी भरा" हे पूर्ण खरं नाही. वीज कायदा 2003, कलम 56 वाचा. वीज तोडायच्या आधी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि बिलावर वाद असेल तर निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, दोन्हीपैकी जी कमी असेल ती भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, त्यात सहा महिन्यांत युनिट विभागून स्लॅब लावा असं स्पष्ट मागा. नाही ऐकलं तर वीज कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच, तिथेही नाही जमलं तर विद्युत लोकपाल.

पाथर्डी फाटा:
मंच बिंच ठीक आहे हो, पण दोन हजारांसाठी सुट्ट्या टाकून कोण फिरणार? मुंबई उपनगरात विजेच्या दोन कंपन्या आहेत, एकीचं नाही पटलं तर माणूस दुसरीकडे जातो. आपल्याला इथे नाशकात जायला दुसरं दारच नाही. दुसरी कंपनी आली की खिडकीवरचा माणूस आपोआप गोड बोलेल.

सातपूरचे काका:
आणि दिंडोरी-पेठच्या पाड्यावर तार ओढायला ती दुसरी कंपनी येईल का? तिला गंगापूर रोडचे बंगलेच पाहिजेत. आपोआप रीडिंग पाठवणारे स्मार्ट मीटर लागू द्या, रीडिंगचा प्रश्नच मिटेल.

पाथर्डी फाटा:
काका, पाड्याचा मुद्दा खरा आहे. पण स्मार्ट मीटरवर शेजाऱ्यांचा विश्वास नाही, आणि विश्वास गेलाय तो याच असल्या बिलांमुळे.

इंदिरानगरची सून:
वकील साहेब, आभार. उद्या अर्ज देते, सहाही बिलांच्या झेरॉक्स आणि मीटरचा आजचा फोटो जोडून. काका, नाव बदलायचा अर्ज पण सोबतच देते, त्याला मृत्यूचा दाखला सोडून अजून काय लागतं तेवढं सांगा.

सातपूरचे काका:
वारसांचं संमतीपत्र आणि घरपट्टीची पावती असू द्या सोबत. आणि पोचवर शिक्का आणि तारीख बघूनच खिडकी सोडा.