जाहिरात उघडतात, अर्ज करत नाहीत: एम्प्लॉयर ब्रँडिंगवर खर्च करावा का?

(प्रश्न-उत्तरांची चर्चा. प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे, प्रश्न 'कागदकाम' यांचा.)

कागदकाम
आमची कंपनी मध्यम आकाराची. ग्राहक उत्पादनाला ओळखतात, पण नोकरी शोधणाऱ्यांत नाव फारसं नाही. जॉब पोर्टलवरच्या जाहिराती लोक उघडतात, अर्ज मात्र मोजकेच येतात. वरून सूचना आहे की एम्प्लॉयर ब्रँडिंग करा, म्हणजे नोकरीसाठी चांगली कंपनी अशी ओळख तयार करा: नवं करिअर पेज, व्हिडिओ, कर्मचाऱ्यांचे फोटो. जाहिरातीचा मजकूर तोच ठेवून एवढं केलं तर अर्ज वाढतात का? ब्रँडचा परिणाम नेमका कुठल्या टप्प्यावर होतो?

मोजपट्टी
आधी चार आकडे वेगळे काढा: यादीत किती जणांना दिसली, किती जणांनी उघडली, किती जणांनी 'अर्ज करा' दाबलं, किती जणांनी फॉर्म शेवटपर्यंत भरला. यादीत दिसतं ते पदनाम, कंपनीचं नाव, लोगो, ठिकाण आणि दिला असेल तर पगार. ओळखीच्या नावाचा सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो, स्क्रोल करणारं बोट थांबतं. तुमची गळती त्यापुढची आहे. उघडणं आणि 'अर्ज करा' यांच्या मध्ये माणसं गळत असतील तर मजकूर तरी कच्चा आहे, नाहीतर विश्वास बसत नाही. त्यानंतर गळत असतील तर दोष फॉर्मचा. बायोडाटा अपलोड करून घ्यायचा आणि तीच माहिती पुन्हा २० रकान्यांत टाइप करायला लावायची, तर फोनवरून अर्ज करणारा तिथेच सोडून देतो. व्हिडिओने हे सुधारत नाही.

आणि नाव तपासा. जाहिरात जाते नोंदणीकृत नावाने आणि लोक ओळखतात ते उत्पादनाचं नाव, असं असेल तर आहे ती ओळखही वाया जाते. उत्पादनाचं नाव पहिल्याच ओळीत आणा. स्वतःच्या साइटवरच्या जाहिरातीत जॉबपोस्टिंगचा स्ट्रक्चर्ड डेटा (सर्च इंजिनला वाचता येईल अशा ठरावीक रचनेतली जाहिरातीची माहिती) असेल तर त्यातही तेच नाव, योग्य लोगो आणि अंतिम तारीख भरा.

अनुक्रम
'एम्प्लॉयर ब्रँड' ही संज्ञा अँबलर आणि बॅरो या लेखकांनी १९९६ मध्ये मांडली. पण तुमच्या प्रश्नाला अर्थशास्त्रज्ञ स्पेन्स यांची १९७३ ची सिग्नलिंगची, म्हणजे दिसणाऱ्या खुणांची, कल्पना जास्त उपयोगी पडेल, फक्त ती उलटी लावा. तिथे उमेदवाराची पदवी मालकाला काहीतरी सुचवते, इथे जाहिरात उमेदवाराला सुचवते. आतलं काही दिसत नाही, म्हणून जे दिसतं त्यावरून माणूस न दिसणाऱ्याचा अंदाज बांधतो. पगार लिहिला नाही तर तो कमी असणार, मजकूर ढिसाळ तर कामही ढिसाळ.

लीव्हन्स आणि हायहाऊस या संशोधकांनी २००३ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या: पगार, ठिकाण, नोकरीची शाश्वती यांसारख्या ठोस बाबी, आणि संस्थेचा 'स्वभाव', म्हणजे विश्वासू, नवं करू पाहणारी वगैरे. एकाच क्षेत्रातल्या कंपन्यांच्या ठोस बाबी सारख्याच दिसतात, त्यामुळे वेगळेपण स्वभावावरून जाणवतं. पण स्वभाव विशेषणांनी सांगून पटत नाही.

एक सावधगिरी. कॉलिन्स आणि हान यांच्या २००४ च्या अभ्यासात अनोळखी कंपन्यांना साधी, नाव पोचवणारी प्रसिद्धी फळली, आणि तपशीलवार माहिती ओळखीच्या कंपन्यांना. अनोळखी नावासाठी तपशील वाचायचे कष्ट कोणी घेत नाही. तुमची जाहिरात मात्र उघडली जातेय, म्हणून माझ्या मते तुम्ही तपशिलाकडेच वळा.

शब्दखूण
विशेषणांचंच उदाहरण घ्या. 'आम्ही गतिमान, कुटुंबासारखी संस्था असून स्पर्धात्मक वेतन देतो.' यातला एकही दावा तपासता येत नाही, आणि 'कुटुंबासारखी' म्हणजे उशिरापर्यंत थांबावं लागणार, असं अनुभवी माणूस वाचतो. त्याऐवजी:

'आठ जणांची टीम. महिन्यात एक आठवडा रात्रपाळी, वेळापत्रक १५ दिवस आधी. पहिल्या तीन महिन्यांत बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं आहे. दोन मुलाखती, निर्णय १० दिवसांत.' शिवाय पगाराची रेंज.

फोनवर 'आणखी वाचा' च्या आधी तीन-चार ओळी दिसतात, त्या अशा असाव्यात. कंपनीची ओळख दोन ओळींत, खाली. अनिवार्य अटी पाच-सहा पुरेत. बाकीच्या 'असल्यास उत्तम' मध्ये टाका. रात्रपाळी लपवू नका. अर्ज थोडे कमी येतील, पण ऑफर घेऊन न येणारे आणि महिन्याभरात सोडणारेही कमी होतील.

कागदकाम
उपयोगी आहे. दोन अडचणी: आधीच्या लोकांचे पगार कमी असल्याने रेंज छापायला वित्त विभाग तयार नाही, आणि रिव्ह्यू साइटवर जुन्या तक्रारी आहेत.

मोजपट्टी
पगारातली तफावत ऑफर लेटरनंतर कळतेच, आणि तेव्हा जास्त महागात पडते. ज्या पदाची भरती आहे तेवढ्या पदाचे पगार आधी जुळवून घ्या, मग रेंज छापा. वरचा आकडा खालच्याच्या दुप्पट असेल तर ती छापून फायदा नाही, प्रत्येक जण वरचा आकडा धरून बसतो.

रिव्ह्यू वाचून एकच तक्रार किती वेळा येते ते मोजा. ती दूर केली असेल तर काय बदललं ते उत्तरात तारखेसह लिहा. केली नसेल तर त्या विषयावर जाहिरातीत गोड बोलू नका. उमेदवार दुसऱ्या टॅबमध्ये तुमचं नाव शोधतोच. कर्मचाऱ्यांना बसवून एका आठवड्यात पाच-पाच स्टार द्यायला लावू नका, तारखांवरून लगेच ओळखू येतं.

व्हिडिओच्या आधी एक चाचणी घ्या. एकच पद, तेच पोर्टल, आधी जुना मजकूर दोन आठवडे, मग नवा दोन आठवडे, बाकी काही बदलायचं नाही. सुट्ट्यांचे आठवडे टाळा. तुलना उघडणाऱ्यांपैकी किती जणांनी अर्ज पुरा केला आणि त्यातले किती शॉर्टलिस्ट झाले याची करा, नुसत्या अर्जांच्या संख्येची नको. आकडे लहान असतील तर आणखी दोन पदांवर हेच करून पाहा.